चढावरचं ‘हूं’

नवं गावठाण, गोसीखुर्द
११ फेब्रुवारी २०२५

मामा, नमस्कार. मामीले बी सांगजा.

फोन केला तं मी विचारते मामीचे गुडघे कसे आहेत, अन् तुमी सांगता धान बरं झालं. कान गेलेल्या माणसासंगं किती ओरडाचं? मोबाईलातलं बारीक अक्षर तुमाले दिसत नाही. म्हणून तृप्तीच्या वहीचं पान फाडून लिहून राहिली. आमच्या गावच्या वीरेंद्रचा मासोळीचा टेम्पो लाखनीच्या बाजाराले येते, त्याच्याजवळ देते. उत्तर बी त्याच्याजवळच देजा.

काम स्कुटरचं आहे. तुमाले माहीत आहे, समोर मासोळीचं घमेलं ठेवून मी गावोगाव फिरते. ती बंद झाली तं माही चूल बंद. दोन महिन्यांपासून चढावर ओढत नाही. मूठ पिळली की इंजिन बोंबलते अन् चाक जागचं हलत नाही. बाजारातल्या मिस्त्रीनं मागचं तेल काढून पाहिलं. तेल कुठचं, चहाच निघाला, दुधाचा. तो म्हणते बेल्ट, क्लच, पुल्या, गिअरपेटी, सारंच बदला. एवढ्या खर्चात दुसरी जुनी गाडी येते, त्यापेक्षा भंगारात द्या. मी म्हणते, मागच्या पावसात थोडं पाणी गेलं असन, दुसरं काही नाही.

आता एका डॉक्टरनं पाय कापा म्हटलं तं माणूस दुसऱ्या डॉक्टरले विचारते नं? तं तुमी दुसरे डॉक्टर.

एक आवाज बी येते. धरणाकडून घरी येतानाच्या चढावर. बाजाराच्या सपाट रस्त्यानं एकदम चूप.

माय म्हणते दुरुस्त नको करू. (माय म्हणजे माही सासू.) काहून नको, ते सांगत नाही. तसं बी दिवाळीपासून ती माह्यासंगं कुठं बोलते.

तुमची शकुन

*

लाखनी
१६ फेब्रुवारी

शकुन,

थोडं पाणी म्हणे! तू कोणाले शिकवून राहिली गं पोरी? हायवेवर ट्रकची धूळ खात उभा जन्म स्कुटरच्या पोटात हात घालून गेला माहा.

ऐक. गिअरपेटीले वरच्या अंगाले एक बारीक छिद्र असते, श्वास घ्याले. पावसाचं, डबक्याचं पाणी तिथपर्यंत पोचत नाही. तेलाचा चहा झाला म्हणजे पाणी त्या छिद्रातून आत गेलं. म्हणजे गाडी पाण्यातून गेली नाही, पाण्यात राहिली. बुडून राहिली. तू कोणत्या नाल्यात घातली होती, सांग. जावई सुखराम असता तं त्यानं गाडीचे असे हाल होऊ दिले नसते. बिचारा, धरणात डोंगा उलटून गेला अन् मागं हे असं चालू आहे.

तुझ्या मिस्त्रीले मी गाढव म्हणत नाही. न खोलता मत देणारा मी कोण? त्याचं बी खरं असन. पण सारं बदला म्हणणं म्हणजे तोंड आलं म्हणून दात काढणं. गाडी वीरेंद्रच्या टेम्पोत टाकून पाठवून दे. मी डावं झाकण खोलून पाहतो.

अन् तो आवाज नीट लिहून पाठवजो. घासते का, गुरगुरते का, शिट्टी मारते? माहे कान गेले, पण लिहिलेला आवाज मले अजून ऐकू येते.

सासूचं मनावर घेऊ नको. पोराचं दुःख आहे.

धनराजमामा

*

नवं गावठाण
२० फेब्रुवारी

मामा,

गाडी पाठवली. आता खोटं चालत नाही, तुमी झाकण खोलालच.

डोंगा उलटला नव्हता. ते आमी पाहुण्यांले सांगतलं. डोंगा घरीच होता, जाळं बी खुंटीवर. दिवाळीच्या आधी धरणाचं पाणी चढवून राहिले होते, दवंडी झाली होती, पाण्याकडं कोणी जाऊ नका म्हणून. तृप्तीचे बाबा सांजेले गाडी घेऊन निघाले. कुठं जाता म्हटलं तं “हूं.” ते परत आले नाही. धरणात बुडालेल्या आपल्या जुन्या गावाच्या विहिरीपाशी सापडले. जुना रस्ता जिथं पाण्यात उतरते, तिथं पाण्याखाली गाडी पोट्ट्यांच्या पायाले लागली. दोर बांधून ओढली, ती आडवी होऊनच काठाले आली.

मंग सारा गाव बोलला. जाळं नाही, डोंगा नाही, मंग पाण्यात कायले गेला? सुखराम जीव द्याले गाडीसकट आत गेला, असं साऱ्यांनी ठरवलं. माय म्हणते गावानं त्याले बोलावलं. बुडालेलं गाव बोलावते, तिच्याच तोंडून ऐकलं आहे मी.

आता तो आवाज. तुमाले आठवते का, तृप्तीच्या बाबाले काही बी विचारा, जवाब एकच? भाजी बरी झाली? हूं. उद्या पवनीले जाचं? हूं. तोंड मिटून, नाकातून, शेवटाले थोडंसं वर नेऊन. गाडी चढावर तस्संच करते, मामा. पाण्याकडं जाताना हलकी चालते. येताना मागचं चाक दबते, जसं कोणी बसलं आहे, अन् चढ लागला की हूं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी टाकून पळाली होती. आता बोलते. चढ लागला की सांगत जाते, तृप्तीले ताप होता, छपराचे कवेलू फुटले, आज झिंगे नाही मिळाले. तो हूं म्हणते. माय अंगणातून ऐकते अन् म्हणते, आला. मले वेड लागलं म्हणू नका. आमच्या दोघींच्या घरात तेवढंच एक बोलणं राहिलं आहे.

मले एकच समजाचं आहे. तो आपल्या मनानं आत गेला का? आमाले सोडून? रातंदिवस तेच आहे डोक्यात. तृप्ती मोठी होईन, कोणी तरी तिच्या तोंडावर म्हणन, तुह्या बापानं जीव देल्ला. लोखंड खोटं बोलत नाही असं तुमीच म्हणत होते. तं त्याले विचारा.

शकुन

*

लाखनी
२ मार्च

शकुन,

तुझं पत्र वाचून तुह्या मामीनं, ललितानं रडून घेतलं. मी गॅरेजात जाऊन बसलो. आमाले तरी खरं सांगाचं होतं वं.

आता काम. कान गेल्यापासून मी पेचकसाचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा दांडा दातात धरतो अन् टोक गाडीले लावतो. हाडातून आवाज समजते. तुझी गाडी सुरू केली, मागचा ब्रेक थोडा दाबून चाकावर जोर आणला अन् गिअरपेटीले पेचकस लावला. तुह्या नवऱ्यासंगं किती तरी वेळा जेवलो आहे मी, त्याचं हूं मले माहीत आहे. शकुन, मी दांडा तोंडातून टाकून देला. मंग पाणी पेलो अन् पुन्हा धरला.

बेरिंग गंजली आहे, जोर पडला की तशी बोलते. धरणाकडून तुह्या घराले चढ आहे, तिथंच जोर पडते, बाजाराकडं सपाट आहे. बेल्ट घसरते म्हणून मागं कोणी बसल्यावाणी वाटते. हे माह्यातल्या मिस्त्रीचं उत्तर झालं. दातातून जे ऐकलं ते त्याच्यात बसत नाही.

इंजिन साफ आहे. चालू गाडी पाण्यात गेली असती तं इंजिननं पाणी गिळलं असतं अन् आतला दांडा वाकला असता. तो सरळ आहे. पण एवढ्यावर मी मत देत नाही. माणूस गाडी बंद करून बी पाण्यात लोटू शकते.

झाकणाच्या आत माती आहे, ओंजळभर. काळी, चिकट, वाळून पापडी झाली आहे. तिले मी हात लावला नाही अजून. त्याच्याआधी एक सांग. पाण्यातून ओढल्यापासून ते मिस्त्रीकडं नेईपर्यंत गाडी कशी उभी राहत होती? बाजूच्या एका काडीवर, का मधल्या डबल स्टँडवर? मिस्त्रीनं कशावर लावली होती? नीट आठवून लिहिजो. माह्या मनासारखं लिहू नको, तुह्या मनासारखं बी नको.

मामा

*

नवं गावठाण
५ मार्च

मामा,

एका काडीवर. निंबाखाली, डाव्या अंगाले कलून. डबल स्टँड मले जमत नाही, त्याच्यावरून तृप्तीचे बाबा मले खूप हासत. “एवढं मासोळीचं घमेलं उचलते अन् गाडी उचलत नाही!” पायानं दाबाचं का हातानं वढाचं, माहा तालच बसत नाही. ते मात्र खर्रा घ्याले पानठेल्यावर थांबले तरी डबल स्टँड. लोकं म्हणत, सुखरामची गाडी आहे का नवरी, एवढी सरळ बसवते. मिस्त्रीकडं बी मीच लावली, काडीवर, अन् तेल काढलं ते बी तशीच कलती ठेवून. तो तिले हलवाले तयार नव्हता, बुडालेली गाडी म्हणून.

पण तुमी जे मातीचं लिहिलं, त्याचं सांगते. आमच्यात रीत आहे. पाणी उतरलं की लोकं जुन्या गावात जातात, आपलं घर कुठं होतं ते पाहतात. येताना काठावर पाय धुवाचे, बोटाच्या फटीतली माती बी काढाची. बुडल्या गावची माती घरी आणाची नाही. आणली तं गाव मागं येते अन् आपला माणूस माघारी नेते. आमी गाडी वरून तीनदा धुतली होती मामा, कडूनिंबाचा पाला टाकून. आत माती आहे हे कोणाले माहीत? चार महिने मी ती माती घराच्या अंगणात उभी ठेवली. तिच्यावर पोरीले बसवून शाळेत नेलं.

मायले मी तुमचं मातीचं पत्र वाचून दाखवलं. ती उठून परसात गेली अन् जेवाले आली नाही. गाडी नाही तं सांजेले कान देऊन बसते, पण “आला” म्हणत नाही.

काय निघालं ते लवकर लिहा. जे असन ते.

शकुन

*

लाखनी
११ मार्च

शकुन,

बस, अन् शांतपणानं वाच. मायले जवळ बसव.

झाकण कसं असते ते आधी समजून घे. लांबट डबा समज, आडवा ठेवलेला. गाडी पाण्यात राहिली तं आत गढूळ पाणी भरते, अन् माती हळूहळू बुडाशी बसते. ज्या अंगानं गाडी उभी असन, त्या अंगानं मातीची रेघ उमटते. गाडी आडवी पडली असती तं माती झाकणाच्या सपाट पत्र्यावर पसरली असती, पोळीवाणी. तशी नाही.

आत दोन रेघा आहेत. वरची पातळ अन् तिरपी, डाव्या अंगाले उतरलेली. ती तुही. आत राहिलेलं पाणी निंबाखाली तुह्या काडीवर कलून वाळलं, त्याची. त्याच्याखाली जाड थर आहे. तो गाडी पाण्याखाली होती तेव्हाचा. तो सपाट आहे, शकुन. गाडी मी माह्या फरशीवर डबल स्टँडवर लावली अन् गवंड्यावाणी पाण्याची नळी धरून पातळी ताडून पाहिली. थर अन् पाणी एका रेघेत. एक केस इकडचा तिकडं नाही. पोट्ट्यांनी दोर लावून ओढली तेव्हा आडवी झाली, तोवर माती बसली होती.

म्हणजे काय झालं? जुन्या रस्त्यावर जिथं कोरडं होतं तिथं सुखरामनं गाडी बंद केली, डबल स्टँडवर लावली अन् पायी गेला. पाणी मागून चढलं. गाडी त्याची वाट पाहत उभी होती, तशीच उभ्या उभ्या बुडाली.

तू मले विचारलं होतं. हे माहं मत, अन् हे मी कोणासमोर बी सांगन. जीव द्याले निघालेला माणूस गाडीचं मागचं चाक हवेत उचलून, पाय देऊन, हिसका मारून तिले सरळ बसवत नाही. तेवढी मेहनत तोच घेते ज्याले परत येऊन तिच्यावर बसाचं असते. तो तुमाले सोडून नाही गेला. तो कोणत्या कामानं गेला ते गाडीले माहीत नाही. ते घरातच विचारजो.

बेल्ट नवा टाकला, बेरिंगा बदलल्या, पुल्या घासून घेतल्या, तेल दोनदा बदललं. गिअर चांगले आहेत, क्लच बी चालते. तुह्या मिस्त्रीनं जे बदला म्हटलं त्यातलं अर्धं चांगलं होतं. पैशाचं बोलली तं मी पत्र फाडून टाकन.

आवाज गेला. दातात पेचकस धरून पाहिलं, कुठंच नाही. शकुन, मले पहिल्यांदा दुरुस्ती करून वाईट वाटलं.

माती डब्यात भरून सीटखाली ठेवली आहे. तुमची रीत मले माहीत नाही म्हणून फेकली नाही.

मामा

*

नवं गावठाण
४ मे

मामा,

एवढ्या दिवसांनी लिहिते, माफ करा. पाणी उतराची वाट पाहत होतो.

तुमचं पत्र मी मायले वाचून दाखवलं. डबल स्टँडपाशी आली तशी ती मोठ्यानं रडली. दिवाळीपासून रडली नव्हती, तिरडी उचलली तेव्हा बी नाही. मंग म्हणाली, मीच धाडलं होतं त्याले.

पाणी चढाच्या आधी जुन्या घराच्या जोत्यावर दिवा ठेवाचा, ही तिची रीत. दरवर्षी तो जाये. पाणी वाढते, आता जाऊ नका असं मी त्याले म्हटलं होतं, तो बी हूं म्हटला होता. पण मायनं डोळे पुसले की त्याच्यानं राहवत नसे. माह्यापासून लपवून त्यानं दिवा घेतला. गुडघाभर पाण्यातून आपल्या गल्लीनं चालत गेला असन. विहीर पाण्याखाली कुठी आहे ते समजलं नसन. “विहिरीकडून जाऊ नको म्हटलं होतं वं मी,” एवढंच ती म्हणत राहिली. गावानं बोलावलं असं ती म्हणे, कारण तिनं धाडलं हे तिच्या तोंडून निघत नव्हतं. माहं तोंड पाहवत नव्हतं म्हणून बोलत नव्हती. मले वाटे, ती मले दोष देऊन राहिली.

मी तिच्यावर रागावली, मामा. खूप. दोन दिवस तिच्या हातचं पाणी पेली नाही. मंग तिसऱ्या सकाळी ती गाडीपाशी उभी दिसली, सीटवर हात ठेवून, कान लावून. गाडी बंद होती तरी. मंग माहा राग कुठं ठेवू मी?

काल दोघी गेलो, डबा घेऊन. जोतं उघडं पडलं आहे, भेगा पडल्या आहेत. मायनं त्याच्यावर दिवा ठेवला अन् मी माती जागच्या जागी टाकली. विहिरीच्या काठावर कोणीतरी काट्या लावल्या आहेत आता. येताना दोघींनी पाय धुतले. तिच्या बोटातली माती मी काढली, माह्या बोटातली तिनं काढली.

घरी येताना चढ लागला. मूठ पिळली अन् गाडी अशी चढली जशी नवी. मी सवयीनं बोलून गेली, तृप्ती पास झाली. काहीच आवाज नाही. अर्ध्या चढावर मागून माय हळूच म्हणाली, “हूं.”

आता शेवटचं लिहिते, अन् जसं झालं तसंच लिहिते. गाडी मी निंबाखाली लावली, एका काडीवर, डाव्या अंगाले कलती. चावी खुंटीवर. आज सकाळी सडा टाकाले निघाली तं गाडी डबल स्टँडवर होती. मागचं चाक हवेत, एकदम सरळ, नवरीवाणी.

मायले विचारलं. ती म्हणाली, माह्या गुडघ्यांनी मी उठते कशी ते मले विचार, अन् तिनं पदर तोंडाले लावला. तृप्ती चौथीतली पोरगी. वीरेंद्र काल सांजेपासून तुमच्याकडंच आहे, लाखनीत. मी चाकाले हात लावला. गोल फिरलं, आवाज नाही.

बाजाराची वेळ झाली होती, पण उतरवावीशी वाटेना. घमेलं खाली ठेवून तिथंच बसून राहिली. मंग चूल पेटवली अन् तृप्तीच्या बाबाचा बी चहा ठेवला.

हे मी फक्त तुमाले सांगून राहिली. तुमी विचार करत बसाल, स्प्रिंग ढिली असन, जमीन खचली असन, कोणी तरी आलं असन. मामा, गाडीवर मले दुसरं मत पाहिजे होतं, ते तुमी देल्लं. याच्यावर नको.

तुमची शकुन